एकाच पुरात वाळू आणि चिकट गाळ?

प्रश्न : आमचं शेत निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला आहे. पूर ओसरल्यावर नदीकडच्या मक्यात वाळू दिसली आणि मागच्या बांधापाशी पाय रुतेल असा चिकट गाळ. पाणी एकच, मग असं कसं? आणि हा गाळ काढून टाकावा का?

उत्तर : पाणी एकच होतं, वेग एक नव्हता. काठ ओलांडून पाणी शेतात शिरलं की पसरतं, उथळ होतं, पिकात अडखळतं. वेग पडला की जड माल आधी टाकतं, म्हणून वाळू काठाशी. पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कण, आणखी थोडा पुढे जातो. चिकणमातीचे कण मात्र पाणी बांधाला अडून थांबेपर्यंत खाली बसतच नाहीत. हे गणित फार जबर आहे : वेग दुप्पट झाला, तर पाणी ढकलू शकेल त्या दगडाचं वजन ढोबळमानाने 64 पट होतं. त्र्यंबकच्या डोंगरउतारावरच्या ओढ्यांत गोटेच गोटे, तुमच्याकडे माती. उतार संपला की गोटे मागेच राहतात. त्यात मध्ये गंगापूर धरण. जाड माल जलाशयाच्या तोंडाशीच बसतो, भिंतीपर्यंत पोचतो तो बहुतेक बारीक गाळ.

पाटबंधारे खात्यात असताना गाळ म्हणजे आम्हाला साठा खाणारा शत्रू. पण तुमच्याच तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर बघा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा बंधारा, त्याच्या फुगवट्यात मंदावलेलं पाणी, वर्षानुवर्षं बसलेला गाळ. त्यातून बेटं झाली, दलदल झाली, पाणवनस्पती आल्या, मागोमाग पक्षी. 2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. साठ्याच्या हिशेबात हा तोटाच, पण असा तोटा मला चालतो.

आता तुमचं शेत. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवा. वाळू मिनिटभरात तळाला जाते, पोयट्याला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर चिकणमाती भरपूर आहे. गाळ फेकू नका. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाली की, नांगरून मिसळा. ओल्यात नांगर घातलात तर ढेकळंच फोडत बसाल. वाळूचा थर पातळ असेल तर तोही मिसळतो, जाड असेल तर उचलावा लागेल. पुराचं पाणी शहरातून आलेलं आहे, तेव्हा पुढच्या पिकाआधी माती तपासून घ्या. आणि मागचा बांध फोडू नका, गाळ त्यानेच अडवला. साचलेलं पाणी निघायला त्याला एक सांडवा ठेवा, म्हणजे झालं.