नागपुरातल्या सदर भागातल्या चर्चमध्ये मी गातो. लोक कौतुक करतात तेव्हा बरं वाटतं. देवासमोर हा गर्व ठरतो का?

नाही, बरं वाटणं हा गर्व नाही. दुसऱ्याकडे पाहून ‘मी त्याच्यासारखा नाही’ असं मनात आलं, की तो सुरू होतो. आधार बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्याचा, म्हणजे बोधकथेचा. मंदिरात दोघं प्रार्थनेला जातात, एक परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि एक जकातदार, म्हणजे लोक पापी समजत असा करवसुली करणारा. परुशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशमांश देतो, आणि त्याची प्रार्थना चक्क देवाचे आभार मानूनच सुरू होते! पण आभार कशाचे, तर ‘मी या जकातदारासारखा नाही’ याचे. जकातदार दूर उभा राहून, मान खाली घालून फक्त दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी तोच जातो. म्हणून रविवारी गाऊन झाल्यावर स्वतःला एवढंच विचारा: बाजूच्याचा सूर चुकला तेव्हा मला आतून बरं वाटलं का? मात्र नम्रता म्हणजे ‘मला काही येत नाही’ असं म्हणत राहणं नव्हे. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात विचारतो, की तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ आहे तरी काय? आवाजही मिळालेलाच आहे. कौतुक झालं तर सरळ ‘धन्यवाद’ म्हणा आणि मोकळेपणाने गा.