व्याधाची झळाळी

प्रश्न : मरीन ड्राइव्हवर समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की मी हात आडवा धरतो आणि पलीकडचा माणूस दिसतो. तसंच दुर्बिणीत ताऱ्यापुढे टिकली लावली तर त्याचे ग्रह का दिसू नयेत? – एक वाचक, परळ

उत्तर : १९३०च्या सुमारास बर्नार लियो या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी हेच केलं. ग्रहणाशिवाय सूर्याचं प्रभामंडल (कोरोना) पाहायला त्यांनी दुर्बिणीत चकती बसवली, तोच कोरोनाग्राफ. पण तुमचा हात डोळ्याच्या बाहेर असतो आणि टिकली दुर्बिणीच्या आत. सगळी गोम इथेच आहे.

गिरगावात चाळीच्या गच्चीवर, सहा इंची दुर्बिणीतून व्याध ताऱ्याचा मंद जोडीदार तारा शोधण्यात मी तीन हिवाळे घालवले. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, चॉकलेटच्या चांदीची बारीक पट्टी चिकटवली आणि व्याध तिच्याआड नेला. तारा झाकला गेला, झळाळी तशीच! दोन्ही बाजूंना लांब किरण फुटलेले. छोटा आरसा ज्या पट्ट्यांवर टांगलेला असतो, त्यांच्या आणि नळीच्या कडांवरून प्रकाश पट्टीपर्यंत पोचायच्या आधीच वाकून पसरलेला होता. जोडीदार काही दिसला नाही, आणि तो तर व्याधापेक्षा फक्त १० हजार पट मंद. आपली पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे १००० कोटी पट मंद आहे!

लियोंची खरी करामत पुढची. चकतीमागे भिंग ठेवलं की उरलेला प्रकाश दुर्बिणीच्या तोंडाच्या प्रतिमेत कडेकडेला गोळा होतो. तिथे जरा लहान भोकाचा पडदा लावायचा. कड अडते, ग्रहाचा बराचसा प्रकाश मधून निघून जातो.

तरीही हवेच्या थरथरीने आणि आरशांतल्या सूक्ष्म दोषांनी ठिपके उरतात, हुबेहूब ग्रहांसारखे. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. कॅमेरा दुर्बिणीशी पक्का ठेवून आकाश फिरू द्यायचं. ठिपका दुर्बिणीचा असेल तर जागचा हलत नाही. ग्रह मात्र आकाशाबरोबर ताऱ्याभोवती सरकतो. २००८ साली एचआर ८७९९ या ताऱ्याचे तीन ग्रह असेच टिपले. ते तरुण आणि अजून तापलेले, म्हणून अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात सापडले.

आणि तुमचा हात? तीही योजना कागदावर आहे : दुर्बिणीपासून हजारो किलोमीटर दूर, अंतराळात पाकळ्यांच्या कडेची एक भलीमोठी छत्री उघडायची, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीत शिरायच्या आधीच अडेल.