धावत्या ट्रकचे वजन किती खरे मानावे?

प्रश्न : माझा दहाचाकी ट्रक आहे. गेल्या महिन्यात कळमन्याच्या बाजारातून धान्य भरून निघताना धर्मकाट्यावर एकूण वजन २७,९०० किलो भरले. तीन तासांनी एका टोलनाक्यावर रस्त्यात बसवलेल्या सेन्सरने २९,४०० किलो दाखवले आणि गाडी ओव्हरलोड ठरवून बाजूला घेतली. त्याच मालाचे पुढच्या नाक्यावर २७,३०० किलो आले. यातले कोणते यंत्र खोटे?
— एक वाहनमालक, वाडी, नागपूर

उत्तर : आपल्या गाडीची मर्यादा २८,५०० किलो असल्याने हा फरक आपल्याला किती महागात पडू शकतो, याची आम्हाला कल्पना आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि जादा भाराच्या दर टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. तीन तासांत जळालेले डिझेल फार तर तीस-चाळीस किलोंचे, आणि त्याने वजन घटते, वाढत नाही. म्हणजे कारण मालात नसून मोजण्यात आहे. तरीही यातले एखादे यंत्र खोटेच असेल, असे मात्र म्हणता येत नाही.

धर्मकाट्यावर गाडी इंजिन बंद करून उभी राहते आणि काट्यावर तिचे वजन येते. रस्त्यातल्या सेन्सरची पट्टी जेमतेम पाच ते सात सेंटिमीटर रुंद असते. चाक तिच्यावरून जाताना त्या क्षणी रस्त्यावर जेवढा दाब देते, तेवढाच तिला कळतो. भरलेला ट्रक स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण दोन-तीनदा वरखाली होत असतो, अॅक्सल, म्हणजे चाके जोडणारे आडवे दांडे, तर दहा-बारा वेळा थरथरतात. ताशी ६० किलोमीटर वेगात चाक पट्टीवर असते सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागापुरते. तेवढ्यात गाडी खाली दबत असेल तर आकडा फुगतो, वर उचलली जात असेल तर उतरतो. पट्टीच्या अलीकडे रस्त्याला चर किंवा उंचवटा असेल, तर हे हेलकावे आणखी वाढतात. टोलनाक्यावर वेग कमी असल्याने उसळी कमी होते खरी, पण तिथे चालक नेमका पट्टीपाशी ब्रेक दाबतो आणि भार पुढच्या अॅक्सलवर सरकतो; लगेच ब्रेक सोडून गाडी पुढे काढली, की तो मागे येतो. अॅक्सल एकेक करून मोजले जात असल्याने त्यांची बेरीज मग खऱ्या वजनाशी जुळत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही यात वाटा असतो. पॉलिमरच्या पट्ट्यांची संवेदनशीलता तापमानाबरोबर बदलते, म्हणून त्यांच्या आकड्यात तापमानाची दुरुस्ती करावी लागते. क्वार्ट्झच्या पट्ट्यांवर उष्णतेचा परिणाम फारसा होत नाही, पण पट्टीभोवतीचे डांबर मऊ पडले की तिला मिळणारा आधार बदलतोच.

धावत्या गाड्यांचे वजन करणाऱ्या यंत्रांचे अमेरिकेतील ई-१३१८ या मानकाने प्रकार पाडले आहेत. त्यातल्या पहिल्या प्रकाराला शंभरांपैकी ९५ गाड्यांच्या एकूण वजनात १० टक्क्यांपर्यंत आणि सुट्या अॅक्सलच्या भारात २० टक्क्यांपर्यंत चूक चालते. संशयित ओव्हरलोड गाड्या निवडण्यासाठी असलेल्या कडक प्रकारालाही एकूण वजनात ६ टक्के सूट आहे. आपल्या पहिल्या नाक्यावरचा फरक ५.४ टक्के होतो, दुसऱ्यावरचा सुमारे २.२ टक्के. म्हणजे दोन्ही आकडे या कडक मापातही बसतात. आमचे स्पष्ट मत असे, की धावता आकडा गाड्या चाळण्यापुरता वापरावा. एकट्या त्याच्यावर दंड आकारणे अन्यायाचे आहे.

अर्थात, रस्त्यासाठी या सेन्सरची गरज खरी आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांतून असे दिसले, की रस्त्याची झीज अॅक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार १० टक्के वाढला तर झीज जवळजवळ दीडपट होते. त्यामुळे नाक्यावर चाळणी असावीच, फक्त शेवटचा निवाडा उभ्या काट्यावर व्हावा. कायद्याच्या कलम ११४ मध्ये अधिकाऱ्याला गाडी वजनकाट्यावर नेण्यास सांगण्याची तरतूदही आहे.

पुढच्या वेळी पट्टीच्या बऱ्याच आधी वेग कमी करून, ब्रेक न दाबता, एकाच चालीने गाडी न्या. आकडा जास्त आला तर तिथेच उभ्या काट्यावर वजनाची मागणी करा. प्रत्येक फेरीच्या काट्याच्या आणि नाक्याच्या पावत्या एकत्र ठेवा. एकाच नाक्यावर आपली गाडी दर वेळी जड येत असेल, तर ते हेलकाव्यांचे काम नसून तिथल्या यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी, बिघडले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्या पावत्या जोडून केलेल्या लेखी तक्रारीला वजन येते.