कोकणातले कर्ज पावसाळ्यात होते

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू पाठवलेली घरच्या कर्जांची यादी मिळाली आणि नीट वाचली. गावच्या सहकारी सोसायटीचे पीक कर्ज, पतपेढीचे कर्ज, सावकाराचे ५०,००० रुपये आणि वाण्याची उधारी यांच्या जोडीला आंब्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली उचलही, म्हणजे येत्या पिकावर आगाऊ घेतलेली रक्कमही, तू लिहिलीस, हे फार बरे केलेस. आपल्या दापोली तालुक्यात बहुतेक घरे उचल कर्जात धरतच नाहीत. सोसायटीचा सचिव म्हणून मी इतकी वर्षे जे पाहिले त्यावरून सांगतो, की घर खाली बसते ते पुष्कळदा त्या न धरलेल्या रकमेमुळेच.

महिन्याला किती वाचवले म्हणजे हे सारे किती वर्षांत फिटेल, असे तू विचारले आहेस. हा हिशोब तुझ्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या पगाराला लागू पडतो, घराला पडत नाही. घरात पैसा येतो तो काजू आणि आंब्याचा, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे एवढ्यातच. आणि जूनपासून लावणीची मजुरी, तुझ्या भावाची फी, छपराची डागडुजी, एखादे आजारपण आणि शेवटी गणपती असे खर्च एकामागून एक येत राहतात तेव्हा हाती येणारे काहीच नसते. हर्णैच्या बंदरावरही वेगळे नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने तिथेही याच दिवसांत उसनवारी चालते. जुलैत घरात पैसा नसतो म्हणून तुझे बाबा उचल घेतात, उचल घेतली म्हणून बाग व्यापारी म्हणेल त्या रकमेला जाते, आणि ती रक्कम कमी पडली म्हणून मे महिन्यात हाती उरते त्यात पुढचा पावसाळा निघत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तुमची कौले उडाली, सुपाऱ्या मोडून पडल्या, तेव्हापासून हे रहाटगाडगे चालू आहे. म्हणून माझा पहिला सल्ला तुला उफराटा वाटेल. येत्या मे महिन्यात जे हाती येईल ते सगळेच्या सगळे कर्जात भरू नका. आधी पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी बाजूला काढा आणि उरेल ते कर्जाला द्या. पुढच्या जुलैत उचल घ्यावी लागली नाही, तर त्या एका गोष्टीने जे वाचेल ते वर्षभर चहात साखर कमी घालून वाचणार नाही.

तुझी आजी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची ते तुला आठवत असेल. तांदूळ, मीठ, मिरची, कांदे, आमसुले, सुकट, सोडे, बोंबील, लाकूडफाटा हे सारे मृगाच्या आत घरात आलेले असायचे. ती पद्धत मागे पडली आणि आता जुलैत अर्धा किलो तेल नि पावशेर डाळ वहीवर आणली जाते. वाणी व्याज लावत नाही असे आपण समजतो, पण उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव कसा लागतो ते वही आणि बाजार शेजारी ठेवून पाहिले की कळते. तीच वही आता कामाला येईल. गेल्या जून ते सप्टेंबरची पाने उघड आणि तेल, डाळ, साखर, साबण, मसाला किती गेला याची बेरीज कर. तुमच्या घराची आगोट तुला नेमकी कळेल. मे महिन्यात तेवढा माल रोखीने, दोन-तीन घरांनी मिळून घाऊक दुकानातून आणावा. सुकट आणली की पुन्हा कडक उन्हात देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी, नाहीतर श्रावणापर्यंत तिला वास येतो आणि पैसे फुकट जातात.

गणपतीचा खर्च कमी करा असे तुझ्या आईला सांगण्याची माझी छाती नाही. मात्र घरचा गणपती चार भावांचा आहे आणि खर्च गावी राहणारा एकटा भाऊ करतो, हे बरोबर नाही. मुंबईचे काका येताना मिठाई आणतात आणि जाताना काजूगर नेतात. त्यांनी चौथा हिस्सा आधी पाठवावा, असे मोठ्या काकांना तूच फोन करून सांग. बाबांच्या तोंडून ते निघणार नाही.

आजारपणासाठी सावकार गाठण्यापूर्वी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतले रुग्णालय कोणते ते विचारावे. अंगीकृत रुग्णालयात ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. बाबा अजून कलमांवर चढतात, तेव्हा बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्यांच्या नावे आहे की नाही, तेही पाहून घे. अपघाती मृत्यूला त्यात २ लाख मिळतात.

आता कर्जांच्या क्रमाविषयी. लोक ज्याचा तगादा मोठा त्याचे आधी देतात आणि सोसायटी काही बोलत नाही म्हणून तिला शेवटी ठेवतात. हे अगदी उलटे आहे. ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीच्या आत भरले तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून ते शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की सवलत जाते, खाते थकते आणि पुढच्या हंगामाला नवे कर्ज मिळत नाही. मग फवारणीसाठी पुन्हा व्यापाऱ्याचे दार. तेव्हा सोसायटीची तारीख कधीही चुकवायची नाही, आणि बाकीच्या कर्जांत ज्याचे व्याज सर्वांत जास्त त्याला आधी संपवायचे.

ते अर्थात सावकाराचे. शेकडा ३ रुपये म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. पन्नास हजारांवर दरमहा १,५०० रुपये जातात, वर्षाला १८,०००, आणि मुद्दल जिथल्या तिथे. तुझ्या आईच्या बांगड्या बँकेत तारण ठेवून दहा टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळाले, तर तेवढ्याच रकमेवर वर्षाला पाच हजार व्याज होईल. घरातले सोने बाहेर जाते म्हणून आईला वाईट वाटेल, आणि ते साहजिक आहे. तिला न विचारता हा विषय बाबांशी बोलू नकोस. पण कपाटातल्या बांगड्या राखण्यासाठी वर्षाला १३,००० रुपये मोजायचे का, एवढे तिच्यापुढे ठेव. सोनेतारणाचे व्याज दरमहा भरावे आणि मुदत संपल्यावर नुसते नूतनीकरण करत बसू नये.

सावकाराकडे परवाना आहे का, तेही पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते. बाबांना गावात वाईटपणा नको असेल तर तक्रार करू नका, परंतु कायदा आपल्याला ठाऊक आहे एवढे समोरच्याला कळले तरी बोलण्याचा सूर बदलतो.

पतपेढीच्या मंजुरीपत्रावर १२ टक्के लिहिले आहे म्हणून तू ते स्वस्त धरले आहेस. ते सरळ पद्धतीचे व्याज आहे की घटत्या शिलकेवरचे, हे वाच. एक लाख रुपये ३ वर्षांसाठी १२ टक्के सरळ व्याजाने घेतले तर ३६,००० व्याज धरून दरमहा ३,७७८ रुपये हप्ता बसतो. मुद्दल कमी होत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच आकारल्याने घटत्या शिलकेच्या हिशोबाने हा दर २१ टक्क्यांच्या घरात जातो. मुदतीआधी फेडल्यास उरलेले व्याज सोडतात का, ते लेखी विचार.

उत्पन्नाविषयी तू लिहितेस की यंदा बाग व्यापाऱ्याला न देता आंबा स्वतःच मुंबईला विकू. विचार चांगला आहे, पण सगळी बाग एकदम अंगावर घेऊ नका. हापूस एका वर्षी भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. शिवाय मोहोरावरच्या फवारण्या, वानरांपासून राखण, पेट्या, वाहतूक, दलाली, हमाली हे सारे आधी खिशातून जाते. म्हणून हिशोब करायचा तो वाईट वर्षाच्या उत्पन्नावर. मला विचारशील तर घराजवळची, राखायला सोपी कलमे तुम्ही ठेवा आणि डोंगरावरची कराराने द्या. मात्र करार मोहोर पाहून, दोन व्यापाऱ्यांना विचारून, कागदावर करा. ठेवलेला आंबा वाशीच्या घाऊक बाजाराला न पाठवता तुझ्या ओळखीच्या पंचवीस-तीस घरांना डझनाने द्या. पहिल्या वर्षी एवढे पुरे.

काजूत मात्र तुमच्या घरचे पैसे वाया जातात असे मला वाटते. हंगामात ओले काजूगर शेकड्याने चांगल्या भावाला जातात, आणि तुम्ही सगळी बी सुकवून एकगठ्ठा देता. काम किचकट आहे हे खरे. हिरवी बी उभी चिरून गर सुईसारख्या टोकाने अलगद काढावा लागतो, हाताला तेल किंवा राख लावली नाही तर चिकाने सालटी निघतात, आणि दुपारपर्यंत विकला नाही तर गर काळवंडतो. परंतु तुझी आई आणि चुलती दोघी मिळून आठवड्याच्या बाजाराला गेल्या तरी एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्चमध्ये रोख पैसा घरात येतो, जेव्हा आंब्याचा अजून पत्ता नसतो. कोकमाचे आगळ आणि आमसुले यांचेही होईल, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. महामार्गावर दर मैलाला कोकम सरबताची पाटी आहे. आंब्याच्या पेटीबरोबर त्याच घरांना बाटली द्यावी, तेवढेच. प्रक्रिया उद्योगाला अनुदान मिळते म्हणून यंत्रासाठी नवे कर्ज काढण्याचा विचार जुने फिटेपर्यंत मनात आणू नका.

राहिला तुझा पगार. तू बाबांना रोख पाठवतेस आणि ते ज्याने आधी गाठले त्याला देतात. यापुढे पतपेढीचा हप्ता तू थेट खात्यातून भर आणि पावती बाबांना दाखव. त्यांचा मान जाऊ नये म्हणून हे ‘माझ्या हिशोबासाठी’ असे सांग. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या जाहिरातींना, घरात कितीही अडचण असली तरी, हात लावू नकोस. कंपनीने तुला कंत्राटावर ठेवले आहे, तेव्हा स्वतःच्या नावावर मोठे कर्ज घेऊन सगळ्यांचे एकदम फेडण्याचेही धाडस नको.

दिवाळीत येशील तेव्हा सोसायटीचा उतारा, पतपेढीचे मंजुरीपत्र आणि वाण्याची वही घेऊन माझ्याकडे ये. सावकाराला बाबांनी कोरा धनादेश किंवा सहीचा मुद्रांक दिला आहे का, आणि व्यवहाराला साक्षीदार कोण होता, हेही विचारून ठेव. पैसे परत करायच्या दिवशी ते कागद हाती घेतल्याशिवाय रक्कम द्यायची नाही, आणि तो साक्षीदार समोर हवा. मीही येईन.

कळावे,
तुझा काका