रिकर्व्ह धनुष्याच्या दोरीची काळजी नवशिक्याने कशी घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की तीन महिन्यांपूर्वी ६८ इंची, २४ पौंड ओढीचे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य घेतले, दुकानदाराने सोबत मेणाची एक कांडी दिली, आणि मेण किती दिवसांनी लावायचे व दोरी किती वर्षांनी बदलायची हे मात्र कोणी नीट सांगत नाही. मी हौस म्हणून गेली आठ वर्षे रिकर्व्ह चालवतो आणि आमच्या मैदानावर नव्या मुलांच्या धनुष्यांना दोरी चढवून देण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते. त्या अनुभवावरून सांगतो की नवशिक्याची दोरी मेणावाचून क्वचितच तुटते. बहुतेक वेळा ती तुटते, कारण तुटण्याआधी कित्येक दिवस तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते.

माझीही अशीच तुटली होती. पहिल्याच वर्षी वरच्या फासाखाली, म्हणजे दोरीच्या टोकाला असलेल्या वेढ्याखाली, दोरीला थोडी लव आलेली दिसली, तिच्यावर भरपूर मेण चोळून मी ती बसवली आणि काम झाले असे समजलो. दोनतीन आठवड्यांनी सकाळच्या सरावात बाण सुटताना मोठा आवाज झाला, दोरी हाताला चाटून गेली आणि वरच्या लिम्बला, म्हणजे धनुष्याच्या वरच्या पात्याला, केसाएवढी चीर गेली. दोरी काही शे रुपयांची होती, लिम्बची जोडी काही हजारांची. नवी जोडी परवडत नव्हती म्हणून जुनी वापरातली घेतली, तिच्यावर नवी दोरी चढवली, आणि महिनाभरात त्याच जागी पुन्हा लव दिसू लागली. तेव्हा एका ज्येष्ठ तिरंदाजाने कापसाचा बोळा घेऊन लिम्बच्या टोकावरील खाचेतून फिरवला. कापसाचे तंतू एका कडेला अडकून राहिले. त्या कडेवर बोटाला न जाणवणारे कंगोरे होते आणि प्रत्येक बाणाला ते दोरी थोडी थोडी कापत होते. अगदी बारीक पॉलिश पेपरने ती कड गुळगुळीत केल्यावर तो त्रास थांबला. तुमचे धनुष्य नवे असले तरी कापसाची ही परीक्षा एकदा करून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

दररोजच्या पाहणीत मी तीन जागा पाहतो. दोन्ही फास, विशेषतः जिथे ते खाचेत बसतात ती आतली बाजू. मधले सर्व्हिंग, म्हणजे जिथे बाणाचा नॉक (मागच्या टोकाची खाच) आणि आपली बोटे येतात तिथे दोरीवर गुंडाळलेला जाड दोरा. आणि उरलेली उघडी दोरी, जी प्रकाशासमोर धरली की तुटका तंतू लगेच दिसतो. थोडी लव आलेली चालते, तिला मेण पुरते. मात्र एक जरी पदर पूर्ण तुटला असेल, तर ती दोरी त्याच दिवशी उतरवावी, कारण त्याचा भार उरलेल्या पदरांवर पडतो. सर्व्हिंग सैल झाले, सरकू लागले किंवा त्याच्या वेढ्यांमध्ये फट दिसली, तर दोरी टाकून देण्याची गरज नसते. प्रशिक्षक तेवढे सर्व्हिंग नव्याने गुंडाळून देतात. मात्र नव्या दोऱ्याची जाडी नॉकला जुळायला हवी. चढवलेल्या धनुष्याच्या दोरीला बाण लावून तो खाली लोंबू द्यावा आणि दोरीला बोटाने हलकी टिचकी मारावी. बाण तेवढ्याने सुटला तर जाडी योग्य आहे. आपोआप गळून पडला तर सर्व्हिंग बारीक आहे, आणि टिचकी मारूनही निघाला नाही तर जाड.

दोरीची तब्येत सर्वांत चांगली कळते ती ब्रेस हाइटवरून. चढवलेल्या धनुष्याच्या मुठीतील सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे हे अंतर ६८ इंची धनुष्यात साधारण ८.५ ते ९ इंच ठेवतात. तुमच्या धनुष्यासोबत माहितीपत्रक आले असेल तर त्यातला आकडा प्रमाण मानावा. नवी दोरी पहिल्या शेदीडशे बाणांत ताणते आणि हे अंतर कमी होते, त्यात काळजीचे कारण नाही. दोरीला पीळ वाढवला की ती आखूड होते आणि अंतर पुन्हा वाढते, फक्त पीळ आधीच्याच दिशेने द्यायला हवा. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मात्र या दोरीला लागू नाही. उतरवून तशीच खिशात कोंबली की दोन फासांमधला पीळ गुपचूप सुटतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे बाण वेगळ्याच उंचीवर बसतात. म्हणून मी दोरी उतरवल्यावर एक फास दुसऱ्यातून ओवून ठेवतो. मापलेला आकडा वहीत लिहून ठेवा. स्थिरावलेल्या दोरीचे अंतर एका रात्रीत पाव इंचाने बदलले, तर पीळ सुटला आहे की पदर तुटला आहे हे पाहिल्याशिवाय बाण सोडू नका.

आता मेणाकडे वळतो. दिवस मोजून मेण लावण्यात अर्थ नाही. दोरी बोटांना कोरडी, खरखरीत लागली किंवा तिच्यावर लव उठली की लावावे. आठवड्यातून तीनचार दिवस सराव असेल तर दोनतीन आठवड्यांतून एकदा ही वेळ येते. कांडी उघड्या दोरीवर दोनतीन वेळा हलकी फिरवावी आणि मग अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दोरी धरून भरभर चोळावी. बोटांना ऊब जाणवू लागली की मेण विरघळून आत शिरते, विखुरलेले पदर एकत्र येतात आणि दोरीचा रंग किंचित गडद होतो. त्यानंतर हातभर बारीक दोऱ्याचा एक वेढा दोरीभोवती घालून तो वरून खाली ओढावा. वरचे जास्तीचे मेण काळपट चिकट गोळ्याच्या रूपात बाहेर येते. हे मेण तसेच राहिले तर त्यावर धूळ बसते आणि ती पदरांना घासत राहते. मधल्या सर्व्हिंगवर मेण लावू नका, तिथे बोटे घसरतात आणि गुंडाळलेला दोराही सरकू लागतो.

पावसाळ्यात सराव उघड्यावर असेल तर पाणी पदरांमध्ये अडकून दोरी जड होते आणि बाण खाली बसू लागतात. मेणाचा खरा उपयोग तेव्हाच कळतो. घरी आल्यावर कोरड्या कापडाने पुसून ती सावलीत वाळू द्यावी आणि पूर्ण वाळल्यावरच मेण लावावे. हेअर ड्रायर किंवा ऊन वापरू नका. उन्हाळ्यात चढवलेले धनुष्य बंद गाडीच्या डिकीत ठेवणे सर्वांत वाईट, कारण उष्णतेने दोरी ताणत जाते आणि लिम्बचे थरही सुटू शकतात. रिकर्व्ह सराव संपल्यावर उतरवूनच ठेवावे. चढवताना आणि उतरवताना स्ट्रिंगर, म्हणजे पायाखाली धरायचा तो पट्टा, वापरावा. पायात अडकवून वाकवण्याने लिम्ब पिळतात. दोन फासांपैकी मोठा वरच्या लिम्बला जातो. दोन्ही फास खाचेत नीट बसले आहेत हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दोरी ओढू नका, आणि बाण न लावता ओढून सोडू तर कधीच नका, कारण बाणात जायची सगळी शक्ती लिम्ब आणि दोरीवर परत येते.

२०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीत जागतिक विजेते झाल्यापासून आमच्याकडे अनेक मुले थेट तेच धनुष्य मागतात. तुमच्या ओळखीत कोणी तसे घेतले असेल, तर एवढेच सांगा की त्या दोऱ्या प्रेसशिवाय, म्हणजे लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय, उतरवता येत नाहीत, म्हणून घरी फक्त पाहणी आणि मेण, बाकी काम जाणकाराकडे.

दोरी किती वर्षांनी बदलावी याचे उत्तर वर्षांत देता येत नाही, ते वापरावर ठरते. पदर तुटला, फासाजवळची लव मेणानेही बसेना किंवा पीळ देऊनही ब्रेस हाइट टिकेना, तर बदलावी. धनुष्य लाकडी असून लिम्बची टोके मजबूत केलेली नसतील, तर डॅक्रॉन या थोड्या ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याचीच दोरी घ्या. डायनिमासारख्या कमी ताणणाऱ्या धाग्याची दोरी बाण वेगाने फेकते, पण तिचा झटका अशा टोकांना सोसत नाही. तुमच्या २४ पौंडांना बारा पदरी डॅक्रॉन पुरेसे आहे. घ्यायच्याच तर दोन सारख्या दोऱ्या घ्या, दुसरीवरही शंभरेक बाण मारून तिचा पीळ आणि नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची खूण) पहिलीशी जुळवून घ्या, आणि फास एकमेकांत ओवून ती एका छोट्या पिशवीत, ब्रेस हाइटचा आकडा लिहिलेल्या चिठ्ठीसह, भात्यात ठेवून द्या.