पूना हॉर्सचा ३४ आकड्याचा बिल्ला: ओतीव आहे म्हणून नकली ठरवू नका

जुन्या बाजारात पूना हॉर्स या इंग्रजांच्या काळातल्या घोडदळाच्या रेजिमेंटचा बिल्ला दिसला, त्यावर ३४ आकडा आणि मुकुट आहे, विक्रेता तो १८५७ चा सांगतो आणि तुमचे एक मित्र 'ओतीव आहे, म्हणजे नकली' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दोघंही चुकतायत.

विक्रेत्याचं आधी. ३४ हा क्रमांक या रेजिमेंटला हिंदी सैन्याच्या १९०३ च्या फेररचनेत मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर घोडदळाच्या ३९ रेजिमेंट्सच्या २१ झाल्या, त्यात ३३ आणि ३४ एकत्र येऊन १७ वी झाली. बिल्ला खरा असलाच तर याच दोन दशकांतला. मुकुट नीट बघा. त्या काळात इंग्लंडच्या गादीवर राजे होते, राणी नव्हे, आणि राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात. मधोमध दबलेला असेल तर ३४ शी त्याचं जमत नाही, शंका घ्या.

आता ओतीवपणाचं. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा स्वार, हे आपल्याला मराठेशाहीपासून माहीत आहे. इंग्रजांच्या हिंदी घोडदळात मद्रासच्या ३ रेजिमेंट्स सोडल्या तर बहुतेक ठिकाणी महायुद्धापर्यंत हीच पद्धत होती. स्वार रक्कम भरायचा, त्यातून रेजिमेंट घोडा-पोशाख घ्यायची. सरकारी गोदामातून सगळ्यांना एकसारखं सामान मिळत नव्हतं. अधिकाऱ्यांचे बिल्ले विलायतेहून ठशाने दाबून यायचे, पण बरेच इथल्याच कारागिरांनी ओतून केलेले असत. ओबडधोबड आहेत, तरी अस्सल आहेत. मला तर तेच जास्त आवडतात.

मग नकली ओळखायचा कसा? मी सुरुवातीला दोन विक्रेत्यांकडून दोन बिल्ले घेतले होते. घरी शेजारी ठेवले तर दोघांच्याही मुकुटावर डावीकडे तोच तिरपा ओरखडा! वापराने पडलेला ओरखडा दोन नगांवर सारखा येत नाही. कुणीतरी एका जुन्या बिल्ल्याचा साचा घेऊन दोन्ही ओतले होते. अशी नक्कल मुळापेक्षा किंचित लहानही भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. म्हणून बारीक मापं घेणारी व्हर्नियर पट्टी जवळ ठेवा.

बिल्ला अडकवायच्या मागच्या कड्यांचा डाख, म्हणजे त्यांना सांधणारा धातू, बघा. जुना डाख बिल्ल्याइतकाच रापलेला असतो. चकचकीत डाख आणि काळाकुट्ट बिल्ला असं दिसलं तर कड्या तरी नंतर बसवल्यात, नाहीतर काळेपणा तरी आम्लाचा आहे. खरी झीज उंचवट्यांवर असते, खोबणीत मळ राहतो. घेतलात तर कृपा करून चिंच, लिंबू, ब्रासो काही लावू नका. तो रापच त्याचा पुरावा आहे.

आणखी एक. स्वार पगडी बांधत, टोपी नव्हे. त्यामुळे नुसता आकडा आणि कमानीत अक्षरं असतील तर तो बहुधा खांद्यावरचा बिल्ला, त्याची किंमत टोपीच्या बिल्ल्याइतकी देऊ नका. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, परदेशातल्या भाच्याला पाठवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

येत्या रविवारी पुन्हा जाल तेव्हा पुढून नको, मागच्या बाजूचा फोटो उन्हात काढून आणा, शेजारी मोजपट्टी ठेवून.