अमेरिकेत जीवशास्त्र आणि नृत्य दोन्ही शिकायला कोणतं लिबरल आर्ट्स कॉलेज घ्यावं?

मुलीसाठी विचारताय, तर मी स्मिथ किंवा माउंट होल्योक आधी बघेन. मॅसॅच्युसेट्समधली ही दोन्ही महिला महाविद्यालयं विज्ञानात भक्कम आहेत. शिवाय अ‍ॅमहर्स्ट, हॅम्पशायर आणि यूमास (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) धरून पाच संस्थांचा नृत्यविभाग सामाईक आहे, त्यामुळे एकीकडे प्रवेश घेऊन दुसरीकडचे नृत्यवर्गही करता येतात. न्यूयॉर्क हवं असेल तर बर्नार्ड.

मात्र खरी कसोटी वेळापत्रकाची. विज्ञानाची प्रॅक्टिकल्स बहुधा दुपारी, तीन-तीन तास चालतात आणि नृत्याच्या तालमी त्यांनाच येऊन भिडतात. म्हणून प्रवेशाआधी दोन्ही विषय घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थिनीशी बोलायला मिळेल का, हे कॉलेजला जरूर विचारा. आणि मुलगी कथक-भरतनाट्यम शिकलेली असेल, तर तिथे मुख्य भर बहुतेक मॉडर्न डान्सवर असतो, हे तिला आत्ताच सांगा.